मातीविना ऑर्किड

१९७४ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात एक प्रदर्शन भरले. लोकांनी यावे, चित्रे पाहावीत आणि त्यांचा धिक्कार करावा, एवढाच त्याचा हेतू. 'काळी चित्रे' असे नावही त्यांना देऊन टाकलेले होते. त्यांत पंचाहत्तरीला टेकलेल्या ली कूछान यांचे शाईत रंगवलेले कमळांचे चित्र होते. कमळे आठ. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस होते आणि माओंच्या पत्नी च्यांग चिंग यांनी उचलून धरलेल्या 'आदर्श नाट्यकृती'ही नेमक्या आठच. मग काय! कमळे आठ आहेत, चित्र काळेकुट्ट आहे, म्हणजे म्हाताऱ्याने त्या आठ नाट्यकृतींची विटंबना केली, असा ठपका बसला. प्रदर्शनातली बरीचशी चित्रे परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलांसाठी, पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या प्रोत्साहनाने काढून घेतलेली होती. खरा नेम चौंवर होता, कमळ निमित्ताला सापडले.

आरोप हास्यास्पद होता, यात शंका नाही. पण तो करणाऱ्यांना स्वतःची परंपरा नीट ठाऊक होती. चीनमध्ये फुलाच्या चित्राकडे कोणी नुसते फूल म्हणून पाहत नाही. तिथल्या लिहित्या-वाचत्या माणसाने हजार वर्षे फुलांच्या आडून निष्ठा, नाराजी, नवस, खुशामत आणि राजद्रोहसुद्धा बोलून घेतला आहे.

आपल्याकडे मात्र या चित्रांची ओळख होते ती चायनीज हॉटेलच्या भिंतीवर, कॅलेंडरवर किंवा फेंगशुईच्या दुकानात. दोन पक्षी, एक फांदी, चार गुलाबी फुले, कोपऱ्यात लाल शिक्का. 'छान आहे' म्हणायचे आणि पुढे सरकायचे. त्याहून थोडा जास्त रस असलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. तो इंटरनेटवरची यादी पाठ करतो: पिओनी म्हणजे श्रीमंती, बांबू म्हणजे सचोटी, कमळ म्हणजे पावित्र्य. यादी चुकीची नाही, पण तिच्या भरवशावर चित्र कळले असे मानणे म्हणजे सोंगट्यांची नावे पाठ करून बुद्धिबळ आले असे समजण्यासारखे आहे. या चित्रांची खरी गंमत संकेतात जेवढी आहे, त्याहून जास्त चित्रकाराने त्या संकेताचे काय केले यात आहे.

सुरुवात दरबारातून झाली. फुले आणि पक्षी हा चित्रकलेचा स्वतंत्र विषय म्हणून तांग राजवटीत, म्हणजे इसवी सन ६१८ ते ९०७ या काळात उभा राहिला. दहाव्या शतकात त्याच्या दोन वाटा झाल्या. सिचुआनमधल्या दरबारी चित्रकार हुआंग च्वानने बारीक रेघ आखून, वर रंगांचे पातळ थर चढवून राजबागेतली दुर्मीळ फुले-पाखरे काढली. दक्षिणेकडच्या शू शीने शाईचा सैल हात वापरून पाणवठ्याकाठची रानटी झुडपे रंगवली. एकाला जाणकारांनी श्रीमंती थाटाचा म्हटले, दुसऱ्याला मोकळ्या रानाचा. हुआंग च्वानने मुलाच्या सरावासाठी काढलेला पक्षी, कीटक आणि कासवांचा एक पट बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आजही आहे. त्यातल्या नाकतोड्याच्या पायावरचे काटेसुद्धा मोजता येतात.

या दरबारी काटेकोरपणाचा कळस म्हणजे सोंग सम्राट हुइझोंग. ११०० साली तो गादीवर आला आणि राज्यकारभारापेक्षा चित्रशाळेत अधिक रमला. बाराव्या शतकातल्या देंग चूनने त्याचे दोन किस्से नोंदवले आहेत. नव्या महालाच्या भिंती रंगवून झाल्या तेव्हा सम्राटाने नामांकित चित्रकारांच्या कामाकडे ढुंकूनही पाहिले नाही. एका नवख्या तरुणाच्या गुलाबाची तेवढी तारीफ करून त्याला बक्षीस दिले. कारण विचारल्यावर म्हणाला, हा गुलाब प्रत्येक ऋतूत आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहरी वेगळा दिसतो. या मुलाने वसंतातल्या भर दुपारचा गुलाब काढला आहे आणि त्यात तसूभर चूक नाही. दुसऱ्या वेळी मोर काढायला सांगितला. सगळ्यांनी उंचवट्यावर चढणारा मोर उजवा पाय उचलताना दाखवला. सम्राट म्हणाला, चुकले. मोर चढताना आधी डावा पाय उचलतो.

याच सम्राटाच्या संग्रहाची ११२० मधली सूची सहा हजारांहून अधिक चित्रांची आहे. तिच्यात फुले आणि पक्ष्यांचा विभाग सर्वांत मोठा, अडीच हजारांच्या वर. या विभागाच्या प्रस्तावनेत संकेतांचा हिशेबही मांडून ठेवला आहे: पिओनी आणि मोर काढायचे ते वैभव दिसावे म्हणून, पाइन, बांबू, प्लम, शेवंती, बगळे आणि रानबदके काढायची ती एकांत आणि निवांतपणा जाणवावा म्हणून. पुढे सात वर्षांत उत्तरेच्या जुर्चेन फौजांनी राजधानी काबीज केली, सम्राटाला कैद करून नेले आणि ११३५ मध्ये तो परमुलखात मेला. मोराचा पाय अचूक ओळखणाऱ्याला सीमेवरची फौज ओळखता आली नाही, ही टीका चिनी इतिहासकार आजतागायत करत आले आहेत.

हे संकेत कोणी बसून ठरवले नव्हते. प्रत्येक फुलामागे एखादा माणूस किंवा एखादी गोष्ट उभी आहे. शेवंती ताओ युआनमिंगची. चौथ्या-पाचव्या शतकातला हा कवी शेवटच्या सरकारी पदावर जेमतेम ऐंशी दिवस टिकला. पगाराच्या धान्यासाठी वरिष्ठांपुढे कंबर मोडून वाकायचे नाही, असे ठरवून त्याने नोकरीवर पाणी सोडले आणि गावी कुंपणाशी शेवंती लावली. बाकीची फुले झडल्यावर थंडीत उमलणारी शेवंती तेव्हापासून दरबार सोडून आलेल्या माणसाची झाली. पानांच्या आधी, हिवाळा सरता सरता फुलणारा प्लम लिन बू या हांगचौच्या एकांतवासी कवीचा. त्याने लग्न केले नाही. प्लम ही बायको आणि करकोचे ही मुले, अशी त्याची ख्याती. चिखलात उगवून निर्मळ राहणारे कमळ अकराव्या शतकातल्या झोउ दुनयी या तत्त्वज्ञाचे. त्याने एका छोट्या निबंधात शेवंतीला संन्यस्त, पिओनीला धनवान आणि कमळाला सज्जन ठरवले. प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती या चौघांना पुढे 'चार सज्जन' हे नाव मिळाले आणि चित्रकलेची बाराखडीच त्यांच्यापासून सुरू झाली.

याच्या जोडीला लोकांचा स्वतःचा, जरा खट्याळ संकेत होता तो श्लेषाचा. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असतात, त्यामुळे चित्राचा उखाणा करता येतो. फुलदाणी आणि शांतता यांचा उच्चार एक, म्हणून चारही ऋतूंत फुलणारे गुलाब फुलदाणीत काढले की 'बारमाही शांती' असा आशीर्वाद होतो. मासा आणि सुबत्ता यांचाही उच्चार सारखा, कमळ आणि 'सलग' यांचाही. त्यामुळे त्येनजिनजवळच्या यांगल्यूचिंगच्या नववर्षाच्या छापचित्रांत गुबगुबीत बाळ मासा कवटाळून कमळाशेजारी बसलेले असते: वर्षानुवर्षे भरभराट होवो! मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसले तर ते आजी-आजोबांसाठी दीर्घायुष्याचे दान मागणारे चित्र. पंत-पंडितांच्या श्लेषांवर पोसलेल्या मराठी वाचकाला ही करामत परकी वाटू नये.

आता पिओनीचे बघू. लोयांग शहराची ही राणी. ओउयांग श्यूने १०३४ च्या सुमारास तिच्या वाणांवर पुस्तक लिहिले आणि आजही एप्रिलमध्ये तिथे पिओनीचा मोठा उत्सव भरतो. दंतकथा अशी की सम्राज्ञी वू झेत्येनने ऐन हिवाळ्यात सगळ्या फुलांना उमलण्याचा हुकूम दिला; एकट्या पिओनीने तो मोडला आणि तिला राजधानीतून लोयांगला हद्दपार केले गेले. म्हणजे श्रीमंतीच्या या फुलाच्या पदरी बंडाची कथाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजमाता त्सि-शी मर्जीतल्या अधिकाऱ्यांना 'स्वहस्ते' काढलेल्या पिओनी भेट देत असे. पुष्कळदा चित्र काढलेले असे म्याओ ज्याहुईसारख्या पदरी ठेवलेल्या चित्रकर्तीने, शिक्का तेवढा राजमातेचा. फूल वैभवाचे, आणि देणगीही सत्तेचीच.

या रेशमी पिओनींशेजारी शू वेइची पिओनी ठेवून पाहा. १५२१ मध्ये शाओशिंगला जन्मलेला शू वेइ विलक्षण बुद्धीचा, पण सरकारी परीक्षेत आठ वेळा नापास झाला. ज्या सेनापतीच्या पदरी होता तो राजकारणात बुडाला. वेडाच्या भरात याने पत्नीचा खून केला आणि सात वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यावर चित्रे विकून कसेबसे जगला. त्याने पिओनी रंगवली ती निव्वळ काळ्या शाईत, ओल्या फटकाऱ्यांनी, पाकळ्यांच्या कडा कागदात विरघळू देत. त्याचे स्पष्टीकरण होते की आपण दरिद्री माणूस, श्रीमंतीच्या फुलाशी आपले काय नाते? म्हणून तिचे रंगच काढून घेतले. यादी पाठ केलेला प्रेक्षक या चित्रासमोर 'श्रीमंती' म्हणेल आणि नेमका उलटा अर्थ घरी घेऊन जाईल.

ऑर्किडची कथा याहून धारदार आहे. डोंगरात, कोणी पाहो न पाहो, मंद सुगंध देणारे हे फूल उपेक्षित सज्जनाचे मानले जाई. १२७९ मध्ये मंगोलांनी दक्षिणेत उरलेली सोंग राजवट संपवली. झेंग सिशियाओ तेव्हा चाळिशीच्या आत होता. त्याने नव्या सत्तेची नोकरी धरली नाही, स्वतःचे नाव बदलून त्यात बुडालेल्या राजघराण्याची आठवण गुंफली आणि बसताना तोंड दक्षिणेकडे ठेवले. त्याचे १३०६ मधले ऑर्किड ओसाकाच्या संग्रहालयात आहे. छोटासा पट, मोजकी पाने, एक फूल, आणि झाडाच्या तळाशी काहीच नाही. ना जमीन, ना खडक. माती का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला म्हणे, ती परक्यांनी पळवली, ठाऊक नाही का? त्याच पिढीतला झाओ मेंगफू प्रत्यक्ष सोंग राजवंशातला. त्याने मात्र मंगोल दरबारी मानाचे पद घेतले आणि तोही ऑर्किड, बांबू काढत राहिला, तेही अप्रतिम. फूल एकच, निष्ठा दोन. म्हणून चित्रकाराचे साल आणि चरित्र बाजूला ठेवून चिनी पुष्पचित्र पाहणे हा शुद्ध रसास्वाद नसून आळस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

साडेतीनशे वर्षांनी तेच नाट्य पुन्हा घडले. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली तेव्हा तिच्या राजवंशातला एक किशोर मठात लपला, भिक्षू झाला, मधल्या वयात भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि पुढे बादा शानरेन या नावाने चित्रे काढू लागला. सहीतली अक्षरे तो अशी जोडून लिही, की ती 'हसणे' आणि 'रडणे' अशा दोन्ही तऱ्हांनी वाचता यावीत. त्याची कमळे लांबलचक, डगमगत्या देठांवर उभी असतात आणि खाली बसलेला पक्षी डोळे पांढरे करून जगाकडे तुच्छतेने बघतो. १६९७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर त्याने कमळांचा सुमारे तेरा मीटर लांबीचा पट काढला. तो त्येनजिनला आहे. झोउ दुनयीचे सज्जन कमळ इथे दिसते, पण फार थकलेले आणि संतापलेले.

हे सगळे बोलणे शक्य झाले ते साधनांमुळे. आन्हुई प्रांतातला शुआन कागद शाई क्षणात पितो. फटकारा मारला की संपले. खोडरबर नाही, वरून दुसरा थर देऊन झाकाझाकी नाही. हाताचा कंप, मनाची घाई, मनगटाची पकड सगळे कागदावर उमटते. त्यामुळे लिहिण्याचा कुंचला आणि चित्राचा कुंचला एकच मानला गेला. १७०१ मध्ये निघालेल्या 'राईच्या दाण्याएवढी बाग' या चित्रपाठमालेच्या भागात ऑर्किडची पाने अक्षरासारखी शिकवली आहेत: पहिले पान झोकात, दुसरे त्याला छेदणारे, दोघांच्या मधली फट म्हणजे 'फिनिक्सचा डोळा', आणि तिसरे पान तो डोळा भेदून जाणारे. तीन फटकारे जमले की बाकी जमते; ते फसले तर फुलांनी काही वाचत नाही. दुसऱ्या बाजूला युन शोउपिंगसारख्या सतराव्या शतकातल्या चित्रकाराने बाह्यरेषाच टाळून थेट रंगाने पाकळी घडवली. या पद्धतीला 'अस्थिविरहित' म्हणतात. आपल्या प्रेक्षकाने निदान एवढे पाहायला शिकावे, की समोरचे फूल रेघ आखून रंग भरलेले आहे, शाईत झटक्यात काढलेले आहे, की रेषेविना रंगात घडवलेले आहे. पहिले बहुधा दरबाराकडे झुकते, दुसरे विद्वानाकडे. अपवाद आहेतच, पण सुरुवातीला ही खूण पुरते.

मात्र विद्वानांच्या या शुचितेवर डोळे मिटून विश्वास ठेवणेही बरे नव्हे. यांगचौचा झेंग बानच्याओ घ्या. दुष्काळात गरिबांची बाजू घेणारा, नोकरी सोडून बांबू-ऑर्किड काढत बसलेला सज्जन चित्रकार अशी त्याची कीर्ती. १७५९ मध्ये त्याने दारावर दरपत्रकच लावले: मोठ्या चित्राला सहा ताएल चांदी, मध्यमाला चार, लहानाला दोन. वर खुलासा, की भेटवस्तू आणि खाण्याचे पदार्थ आणू नयेत, रोकडा चांदीच मनाला आनंद देते, आणि उधारीवाल्यांनी तर येऊच नये. मीठ-व्यापाऱ्यांच्या पैशावर पोसलेल्या त्या शहरात सचोटीचा बांबू ही चांगली खपणारी वस्तू होती. बानच्याओचा मोठेपणा असा, की त्याने ते लपवले नाही. नानजिंगच्या छिनह्वाइ नदीकाठची गणिका मा शोउझेन हिने सोळाव्या शतकात ऑर्किडच्या चित्रांवर नाव कमावले. सज्जन पुरुषाचे म्हणवले जाणारे फूल तिच्या हाती आले तेव्हा त्यात तिचाही स्वाभिमान बोलला.

आणि खुशामतीचे फूल पाहायचे तर इटालियन जेझुइट जुझेप्पे कास्तिल्योने याचे १७२३ मधले चित्र पाहावे. ते तैपेईच्या संग्रहालयात आहे. योंगझेंग सम्राट वादग्रस्त परिस्थितीत गादीवर आला होता. त्याच वर्षी एका देठावर दोन फुले आलेले कमळ आणि जोड कणसाचे धान्य सापडल्याच्या वार्ता दरबारी येऊन थडकल्या. कास्तिल्योनेने ती शुभचिन्हे निळसर फुलदाणीत मांडून, युरोपीय छायाप्रकाशात रंगवली. स्वर्गाने नव्या राजाला कौल दिला, याचा तो चित्रमय दाखलाच.

विसाव्या शतकाने ही भाषा टाकून दिली नाही. हूनानमधला सुतार ची बाइशी म्हातारपणी देशातला सर्वांत लाडका चित्रकार झाला. त्याने सज्जनांच्या रांगेत भोपळा, कोबी, गारवेलीची फुले आणून बसवली. जपानी अंमलात त्याने दारावर सूचना लावून अधिकाऱ्यांना चित्रे विकायला नकार दिला. माओच्या काळात भित्तिपत्रकांवर सूर्यफूल आले: माओ सूर्य, जनता सूर्यफूल. त्याच काळात वाढलेल्या आय वेइवेइने २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनीमातीच्या सुमारे दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. जिंगदेझेनच्या कारागिरांनी एकेक हाताने रंगवलेल्या. सूर्याकडे मान वळवणाऱ्या जनतेबद्दल त्याला काय म्हणायचे होते, हे चिनी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही.

या फुलांचा मुंबईशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांची जहाजे कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जात. परतताना येणाऱ्या चिनी भरतकामातून पारशी गारा साडी घडली. तिच्यावरच्या पिओनी, शेवंत्या, कमळे आणि करकोचे थेट या चित्रपरंपरेतले. त्या व्यापारातल्या अफूने चीनचे काय केले हेही विसरू नये. साडी त्या इतिहासासकट आपली आहे. कमळाची देवघेव तर आणखी जुनी: चीनमध्ये ते आधीपासून होते, पण त्याला मोक्षाचा अर्थ भारतातून गेलेल्या बौद्ध धर्माने दिला. उलट, दसरा-दिवाळीला दादरच्या बाजारात टोपल्यांनी येणाऱ्या शेवंतीची लागवड मुळात चीनने वाढवली. तिथे ती राजीनामा देणाऱ्याचे फूल. इथे हार, तोरण आणि पूजेचे.

आपल्या कलाशिक्षणात युरोपच्या 'सूर्यफुलां'ना आणि 'लिलीं'ना जागा मिळते, शेजारच्या या परंपरेला जवळजवळ नाही. सीमेवरचे तंटे हे त्यामागचे कारण असेल तर ते लटके आहे. ज्याच्याशी भांडण आहे त्याची भाषा तर आधी शिकावी. कलाशाळांनी एक सत्र या चित्रांना द्यावे आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी अधूनमधून एखादे चित्र उलगडून दाखवावे. वाचकांपुरते बोलायचे तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तूंचे दालन आहे. पुढच्या खेपेला तिथल्या पोर्सिलीनवरची फुले पाहताना तीन प्रश्न विचारावेत: फूल कोणते, सोबतीला कोण आहे, आणि ते कोणासाठी, कोणाच्या राज्यात रंगवले. उत्तरे फलकावर नसतील तर संग्रहालयाला ती लिहायला सांगावीत.